नागपुरात गिटार घेताना: बर्डीतलं दुकान की मोठं शोरूम? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका वाक्यात सांगा, ओळखीच्या छोट्या दुकानातून घ्यायची की साखळी शोरूममधून?

पहिलीच गिटार असेल, बजेट पंधरा हजारांच्या आत असेल आणि दुकानात ॲक्शन (तारांची उंची) जुळवून देणारा माणूस बसत असेल, तर छोटं दुकान. ठरावीक मॉडेलच हवं असेल, डावखुरी गिटार हवी असेल किंवा पंचवीस हजारांच्या वरचं काही घ्यायचं असेल, तर शोरूम किंवा त्यांचं ऑनलाइन दुकान. पण ‘माणूस बसत असेल’ ही अट सोडू नका. बर्डी असो, सदर असो की धरमपेठ, ज्या दुकानात गिटार फक्त खोक्यातून काढून हातात देतात तिथे छोट्या दुकानाचा काहीच फायदा मिळत नाही. मग शोरूमची पक्की पावती तरी बरी.

ॲक्शन किंवा सेटअप म्हणजे नेमकं काय? नवीन गिटारला त्याची गरज का पडावी?

ॲक्शन म्हणजे तार फ्रेटपासून किती उंच आहे ते अंतर. गिटारच्या लांब दांड्याला नेक म्हणतात, आणि नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. कारखान्यातून गिटार निघते तेव्हा तारा मुद्दाम थोड्या उंच ठेवलेल्या असतात. तारा फार खाली असल्या तर वाजताना झिरझिरतात आणि दुकानात उचलून पाहणाऱ्याला ती गिटार खराब वाटते. उंच तारांनी बोटं दुखतात, पण ते घरी गेल्यावर कळतं. त्यात मुंबईच्या दमट गोदामातून खोकं नागपुरात आलं की लाकूड पुन्हा हलतं.

सेटअपमध्ये तीन जागी हात घालतात, आणि त्यांचा क्रम बदलायचा नसतो.

आधी ट्रस रॉड. नेकच्या आत लोखंडी सळई असते, तिला ॲलन कीने ताण देऊन नेकचा बाक कमी-जास्त करतात. पहिला फ्रेट आणि बॉडीला जिथे नेक मिळते तो फ्रेट एकाच वेळी दाबून धरला, तर सातव्या फ्रेटवर तारेखाली वहीचे दोन-तीन कागद जातील एवढी, म्हणजे ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट हवी. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की नेक सरळ होते. एका वेळी पाव वळसाच द्यायचा, मग तारा पुन्हा सुरात लावून पाहायचं. ॲलन की घट्ट वाटली तर तिथेच थांबायचं. जोर लावून तुटलेली सळई बदलणं हे बहुतेक वेळा गिटारच्या किमतीपेक्षा महाग पडतं.

मग सॅडल, म्हणजे ब्रिजवरची (बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी ठोकळ्यावरची) पांढरी पट्टी. ती खालून घासून उंची कमी करतात. बाराव्या फ्रेटवर तार १ मिलिमीटर खाली आणायची तर सॅडल २ मिलिमीटर घासावी लागते, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. हा हिशोब न कळणारा कारागीर एक तर अर्धवट काम करतो, नाही तर घाबरून नको तेवढी घासतो. घासलेली सॅडल परत वाढत नाही, नवीन बसवावी लागते.

शेवटी नट, वरच्या टोकाची खाचा असलेली पट्टी. एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे बोटांनी तारा दाबून एकत्र वाजवायचे स्वर) लागत नाही म्हणून महिनाभरात गिटार माळ्यावर जाते, तेव्हा दोष पुष्कळदा बोटांचा नसतो. नटच्या खाचा उथळ असतात, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर तार दाबायला दुप्पट जोर लागतो.

मला वाजवता येत नाही. दुकानात गिटार तपासू कशी?

तीन-चार जुनी डेबिट कार्डं, एक साधा कागद आणि मोबाइलमध्ये ट्यूनर ॲप, एवढं खिशात ठेवा. डेबिट कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, म्हणजे मोजपट्टी जवळच आहे. अक्षरं उठावाची नसलेली, सपाट कार्डं घ्या. रविवारी संध्याकाळी बर्डीत जाऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी अकरा-साडेअकराला जा, दुकानदाराला वेळ असतो आणि कानाला शांतता मिळते.

आधी दुकानदाराला गिटार सुरात लावून द्यायला सांगा. ढिल्या तारांवर केलेली कुठलीही तपासणी खोटी ठरते.

मग बाराव्या फ्रेटवर, सर्वांत जाड तारेखाली कार्डं सरकवा. तीन कार्डं (सुमारे २.३ मिलिमीटर) तारेला जेमतेम टेकत गेली तर ॲक्शन उत्तम. चार कार्डं तार न हलवता आरामात गेली, म्हणजे उंची ३ मिलिमीटरच्या वर आहे. ‘कमी करून द्या’ म्हणून सांगा. सर्वांत बारीक तारेखाली दोन-अडीच कार्डांची जागा पुरेशी. इलेक्ट्रिकवर दोन्हीकडे दोन कार्डांच्या आसपास पाहिजे.

पहिल्या फ्रेटवर मोकळ्या जाड तारेखाली एक अख्खं कार्ड सहज सरकत असेल तर नट उंच आहे.

आता फ्रेट. कार्डाची कडा तारांच्या मधून तीन फ्रेटवर उभी टेकवा. पहिल्या पाच फ्रेटपर्यंत लांब कडा, सहाव्यापासून पुढे आखूड कडा. कार्ड पाळण्यासारखं डुगडुगलं तर मधला फ्रेट उंच आहे. एखादाच फ्रेट असा निघाला तर तो बसवता येतो, चार-पाच निघाले तर दुसरी गिटार मागा.

मग नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात वरखाली फिरवा. फ्रेटची टोकं कानशीसारखी टोचतात का? टोचत असतील तर लाकूड सुकून आत गेलंय, म्हणजे गिटार दुकानात बराच उन्हाळा काढून बसली आहे. टोकं घासून मिळतात, पण भावात बोलायला हा मुद्दा तुमच्या हातात येतो.

कागदाची कडा ब्रिजच्या मागच्या बाजूने, लाकूड आणि ब्रिजच्या सांध्यात घालून पाहा. कागद आत शिरला तर गिटार परत ठेवा, कितीही सवलत दिली तरी. स्टीलच्या हलक्या तारांचा एकूण ताण साठ-सत्तर किलो असतो आणि तो सगळा त्या गोंदावर येतो. आज कागद जातो तिथे मे महिन्यात बोट जाईल.

शेवटचं ट्यूनर. प्रत्येक तार मोकळी सुरात लावून घ्या, मग तीच बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. स्वर तोच, एक सप्तक वर यायला हवा. काटा पाच सेंटपर्यंत (सेंट म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) इकडेतिकडे चालतो, पंधरा-वीस सेंट गेला तर त्या गिटारवर वरचे कॉर्ड कधीच गोड लागणार नाहीत.

सगळ्याला वीस मिनिटं लागतात. एवढ्या वेळात दुकानदाराच्या कपाळावर आठ्या आल्या तर विक्रीनंतर तो कसा वागेल तेही कळलं. आणि शोरूममध्ये असाल तर एक बघा: भिंतीवर टांगलेली गिटार तुम्ही तपासाल आणि आतून सीलबंद खोकं आणून देतील. तपासणी त्या खोक्यातल्या गिटारची पुन्हा करायची.

नागपूरच्या उन्हाळ्यात गिटार खरंच खराब होते? की हे सगळे सामान विकण्याचे धंदे आहेत?

खरंच होते. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवा वीस टक्क्यांच्या आसपास कोरडी होते आणि जुलैत ऐंशीच्या वर जाते. उन्हाळ्यात वरची फळी आकसून खाली बसते, तारा खाली येतात, झिरझिर सुरू होते. पावसाळ्यात फळी फुगते, ब्रिज वर उचलला जातो, तारा उंच होतात. म्हणून नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात घेतलेली ‘मस्त खालच्या ॲक्शनची’ गिटार पोळ्याच्या सुमारास दाबायला जड लागते. तिच्यात बिघाड झालेला नसतो, ऋतू बदललेला असतो.

यात नागपूरची खास भर म्हणजे कूलर. रात्री कूलर चालू असताना खोली दमट, सकाळी बंद केला की दुपारपर्यंत कोरडी ठाक. लाकडाला सावकाश बदल सोसतो, रोजचा असा झोका सोसत नाही. तेव्हा गिटार कूलरच्या तोंडासमोर भिंतीला टांगून ठेवू नका. दिसायला छान दिसते, पण बॅगेत घालून चेन लावून, आतल्या भिंतीजवळ उभी ठेवलेली बरी. ज्या भिंतीवर दुपारभर पश्चिमेचं ऊन पडतं ती भिंत टाळा. एसीची खोली असेल तर लक्षात ठेवा, एसी हवा कोरडीच करतो.

महागडं ह्युमिडिफायर घ्यायची गरज नाही. प्लास्टिकच्या साबणदाणीला दहा-बारा भोकं पाडा, त्यात स्पंजचा तुकडा भिजवून, थेंब पडणार नाही एवढा घट्ट पिळून ठेवा आणि ती डबी बॅगेत नेकच्या टोकाजवळ ठेवा. एप्रिल-मेमध्ये दर दोन-तीन दिवसांनी स्पंज पाहा. पहिला पाऊस पडला की डबी काढून टाका, नाहीतर बुरशी धरेल. मोजायचंच असेल तर छोटा डिजिटल हायग्रोमीटर काही शे रुपयांत येतो.

उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मात्र दहा मिनिटंही नको. बंद गाडीत तापमान ६० अंशांच्या वर जातं आणि त्या उष्णतेत ब्रिजचा गोंद मऊ पडू लागतो. तारांचा ताण तर चालूच असतो. ब्रिज उखडून आलेल्या किती तरी गिटारांची गोष्ट ‘फक्त पाच मिनिटं गाडीत ठेवली होती’ अशीच सुरू होते.

शोरूमवाले सॉलिड टॉप घ्या म्हणतात, छोट्या दुकानात प्लायची दाखवतात. कोण बरोबर?

आवाजाच्या बाबतीत शोरूमवाले बरोबर आहेत. अखंड फळीचा आवाज मोकळा असतो आणि वाजवत गेलं की आणखी खुलतो. पण नागपुरात पहिली गिटार घेणाऱ्याने लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवलेल्या फळीची घ्यावी असंच आम्ही सांगतो. लॅमिनेट फळी एका उन्हाळ्यात तडकत नाही. सॉलिड टॉपला वरची स्पंजवाली काळजी दरवर्षी घ्यावी लागते, आणि नवशिक्याची ती पहिल्याच मेमध्ये चुकते.

यामाहाची एफ-३१० लॅमिनेट आहे, एफजी-८०० सॉलिड टॉपची आहे. दोन्ही बाहेरून जवळपास सारख्या दिसतात. फरक ओळखायला मधल्या गोल भोकाची कडा पाहा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर सॉलिड, कडेला सँडविचसारखे थर दिसले तर लॅमिनेट. कडेला काळा रंग फासून काही दिसूच नये अशी सोय केली असेल, तर लॅमिनेट समजून चला.

किंमत कुठे कमी पडते?

छापील एमआरपीवर ‘चाळीस टक्के सूट’ बघून हुरळून जाऊ नका. एमआरपी हा वरचा आकडा आहे, त्याच्या वर घेता येत नाही एवढंच. बाजारभाव खालीच असतो. त्या मॉडेलचा दोन-तीन ऑनलाइन दुकानांतला आजचा भाव मोबाइलमध्ये ठेवा आणि मग निघा.

चांगल्या ब्रँडच्या सुरुवातीच्या मॉडेलवर छोट्या दुकानदाराला मोठा नफा सुटत नाही. तो ऑनलाइनपेक्षा तीनशे-पाचशे जास्त सांगेल. इथे घासाघीस करून पैसे कमी करायचे, की त्याच पैशांत काम करून घ्यायचं? दुसरं केलेलं बरं. असं म्हणून पाहा:

“भाऊ, पैसे तुम्ही म्हणता तेवढेच घ्या. पण अकराच्या सेटच्या चांगल्या तारा चढवून, ॲक्शन करून द्या न. अन् पावसाळ्यात एकदा आणून दाखवतो, तेव्हा पाहून घ्या.”

(अकराचा सेट म्हणजे ज्यात सर्वांत बारीक तार ०.०११ इंच जाडीची असते तो.) बहुतेक जण हो म्हणतात, कारण यात त्यांचा वेळ जातो, पैसा फारसा जात नाही. ‘पावसाळ्यात एकदा’ हे मात्र बिलाच्या मागे लिहून घ्या.

शोरूममध्ये भाव ठरलेला असतो, पण ईएमआय मिळतो, आणि डिस्प्लेचा नग थोडा स्वस्तात मागता येतो. डिस्प्लेचा नग ऐकायला वाईट वाटतो, पण शंभर हातांनी वाजवून झालेल्या गिटारमधले दोष दिसून तरी आलेले असतात.

चार हजारांत मिळणारी गिटार घेतली तर?

चालेल, जर नेक सरळ असेल तर. या किमतीत काही गिटारांत ट्रस रॉड नसतो, काहींत भोक असतं पण आत सळई हलत नाही. त्यामुळे दुकानदाराला ॲलन की लावून थोडी फिरवून दाखवायला सांगा. नाहीच म्हणाला तर बारावा फ्रेट आणि कार्डं हीच कसोटी: आज ठीक असेल तर घ्या, आज उंच असेल तर ती पुढे वाढतच जाणार. मूल शिकेल की नाही याची खात्री नसताना चार हजारांच्या नवीनपेक्षा त्याच पैशांतली जुनी ब्रँडेड गिटार जास्त चांगली.

क्लासचे सर एकाच दुकानाचं नाव सांगतात. तिथूनच घ्यावी का?

सरांना तिथे कमिशन असू शकतं, आणि त्यात गैर काही आहे असं नाही. सर स्वतः दुकानात येऊन, वाजवून निवडून देणार असतील तर ते कमिशन वसूल झालं. नुसती चिठ्ठी देत असतील तर आणखी दोन ठिकाणी भाव विचारून या.

ऑनलाइन मागवली तर खोकं आल्यावर काय करायचं?

खोकं फोडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ काढा, त्यात कुरिअरचं लेबल स्पष्ट दिसू द्या. मधे थांबवून पुन्हा सुरू केलेला व्हिडिओ परतीच्या वेळी वादात पडतो. उन्हाळ्यात किंवा भर पावसात आलं असेल तर बाहेरचं खोकं उघडून आतलं पॅकिंग तीन-चार तास घरातल्या हवेत राहू द्या. तापलेली गिटार थेट कूलरच्या गारव्यात काढली की पॉलिशला बारीक तडे जातात.

मग सर्वांत आधी नेक आणि हेडचा (चाव्या बसवलेल्या वरच्या टोकाचा) सांधा मागून पाहा. प्रवासातला मार बहुतेक वेळा तिथेच बसतो, आणि केसाएवढी भेग पॉलिशवरच्या ओरखड्यासारखी दिसते. अंगठ्याने हलकं दाबा. भेग उघडमिट करत असेल तर तारा न ताणता तक्रार करा. गिटारच्या पोटातलं लेबल मोबाइलच्या उजेडात वाचा, त्यावरचं मॉडेल आणि सिरियल नंबर बिलाशी जुळतो का ते पाहा. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असायला हवी. ती नसेल तर वॉरंटी विसरा.

तपासणीची तीच कार्डं, तोच कागद. परतीची मुदत किती दिवसांची आहे ते मागवण्याआधी वाचा आणि त्या मुदतीतच गिटार एखाद्या जाणकाराला दाखवा.

वॉरंटी कुठे चांगली मिळते?

कागदावर दोन्हीकडे सारखीच, कारण ती कंपनीची असते. शोरूममध्ये कार्डावर शिक्का आणि जीएसटीचं बिल न मागता मिळतं. छोट्या दुकानात मागावं लागतं. ‘कच्च्या बिलावर दोनशे कमी’ हा सौदा करू नका. बिलावर फक्त ‘गिटार – १ नग’ नको, मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या.

वॉरंटीत बनवण्यातले दोष येतात: वाकडी नेक, सुटलेला सांधा, न चालणारा पिकअप (तारांचा आवाज ॲम्पपर्यंत नेणारा भाग). तारा, झिजलेले फ्रेट आणि कोरड्या हवेने गेलेला तडा सहसा येत नाही. विक्रेता दादच देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग.

मुलगी नऊ वर्षांची आहे. मोठीच घेऊन ठेवू का, पुढे कामाला येईल?

नको. चपला मोठ्या घेता येतात, गिटार नाही. पूर्ण आकाराच्या गिटारमध्ये नट ते सॅडल अंतर साधारण ६३ ते ६५ सेंटिमीटर असतं. नऊ वर्षांच्या बोटांना पहिल्या तीन फ्रेटवर पसरणं जमत नाही आणि उजवा खांदा कानापर्यंत चढतो. पाऊण आकाराची घ्या. यामाहाच्या जेआर-१ मध्ये हे अंतर ५४ सेंटिमीटर आहे. साधारण अकरा-बाराव्या वर्षी मोठी घेता येते, तोवर छोटी विकली जाते. मुलीला दुकानात सोबत न्या, खुर्चीवर बसवा, आणि उजवा हात बॉडीवरून ताररेषेपर्यंत खांदा न उचलता पोचतो का एवढंच पाहा.

नायलॉनच्या तारांची घ्यावी की स्टीलच्या?

हिंदी-मराठी गाणी कॉर्ड धरून म्हणायची असतील तर स्टील. लहान मूल असेल किंवा ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या क्लासिकल गिटारच्या परीक्षा द्यायच्या असतील तर नायलॉन. क्लासिकल गिटारची नेक रुंद असते, नट ५२ मिलिमीटरच्या आसपास, तर स्टीलवालीची ४३ च्या.

एक घात मात्र सारखा होतो. नायलॉनच्या गिटारचा आवाज बारीक वाटतो म्हणून कुणी तरी तिच्यावर स्टीलच्या तारा चढवतं. नायलॉनचा ताण चाळीस किलोच्या आसपास, स्टीलचा साठ-सत्तर. आतल्या पट्ट्या तेवढ्या ताणासाठी बनवलेल्याच नसतात. पोट फुगतं, मग ब्रिज सुटतो. दुकानदाराने ‘चालते’ म्हटलं तर ते दुकान बदला.

‘सेमी-अकॉस्टिक’ म्हणून जी देतात ती काय असते?

आपल्या बाजारात पिकअप बसवलेल्या साध्या अकॉस्टिकला सेमी-अकॉस्टिक म्हणतात. खरं नाव इलेक्ट्रो-अकॉस्टिक. सेमी-अकॉस्टिक ही वेगळीच, पोकळ-पातळ इलेक्ट्रिक गिटार असते. ऑनलाइन शोधताना हा गोंधळ महागात पडतो. घरी शिकायला पिकअपची गरज नाही, त्याचे दोन-तीन हजार लाकडावर घाला. घेतलीच तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, कारण पिन आत असेपर्यंत ९ व्होल्टची बॅटरी चालू राहते.

इलेक्ट्रिक कुठून घ्यावी?

शोरूम, किंवा जिथे ॲम्पला लावून वाजवायला देतात असं कुठलंही दुकान. सगळे नॉब हळूहळू फिरवून पाहा, खरखर आली तर पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) मळलेला आहे. स्विचच्या प्रत्येक जागी आवाज यायला हवा. तारांना हात लावला की घुणघुण कमी होत असेल तर गिटारचं अर्थिंग ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर आतली वायर सुटली असण्याची शक्यता मोठी.

डावखुऱ्यांसाठी?

ऑनलाइन. छोट्या दुकानात ‘तारा उलट्या लावून देतो’ म्हणतात, पण सॅडल तिरकी बसवलेली असते आणि नटच्या खाचा जाडीप्रमाणे कापलेल्या असतात. नुसत्या तारा उलटून सूर जुळत नाही. नुकती सुरुवात करणाऱ्याने उजव्या हाताचीच शिकून पाहायला हरकत नाही.

जुनी गिटार घेताना वेगळं काय पाहायचं?

ब्रिजच्या मागचं पोट. गिटार डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून पाहा. किंचित गोलाई चालते, मडक्यासारखा फुगवटा नाही. पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांखाली खड्डे पडलेत का ते नखाने चाचपा. आणि आत हात घालून सुटी पट्टी खुळखुळते का ते ऐका. हे तिन्ही ठीक असेल तर रंग उडाल्याचं काही नाही.

सोबत काय काय घ्यायला लागतं?

जाड अस्तराची बॅग, चिमट्याचा ट्यूनर, दोन-तीन पिक आणि तारांचा एक जादा सेट. सोबत फुकट मिळणारी पातळ रेक्झिनची बॅग फक्त धूळ अडवते. कॅपो (नेकवर लावून सूर वर चढवायचा चिमटा) दोन महिन्यांनी घ्या. सगळं मिळून गिटारच्या किमतीवर हजार-दीड हजार रुपये बाजूला ठेवा.

तारा कुठून घ्याव्यात? बनावट असतात म्हणे.

असतात. डॅडारिओच्या पाकिटात आत एक कोड असतो, तो त्यांच्या साइटवर तपासता येतो. सुट्या सुट्या विकायला काढलेल्या ‘ब्रँडेड’ तारा घेऊ नका. नवशिक्याने दहा किंवा अकराचा सेट घ्यावा. बाराचा सेट आवाजाला भारदस्त, पण बोटांना आणि उन्हाळ्यातल्या ब्रिजला जड. घामाचे हात असतील तर उन्हाळ्यात तारा दीड-दोन महिन्यांत काळ्या पडतात. वाजवून झाल्यावर सुती कापडाने तारेच्या खालूनही पुसा.

सूर लावला की पाच मिनिटांत उतरतो. गिटार खराब निघाली का?

नवीन तारा असतील तर त्या अजून ताणल्या जातायत. प्रत्येक तार बाराव्या फ्रेटजवळ हलकी वर ओढा, पुन्हा सुरात लावा, असं चार वेळा करा. तार ताणायची चावी फिरवताना नटपाशी ‘टिक्’ आवाज येत असेल तर तार खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा. हे करूनही उतरत असेल तर चाव्यांचे बारीक स्क्रू ढिले असतील, ते आवळा.

गिटार ऑनलाइन घेतली. आता बर्डीतला दुकानदार सेटअप करून देईल?

देईल, पूर्ण पैसे घेऊन. आधी फोन करून किती होतील आणि किती दिवस ठेवावी लागेल ते विचारा, तारा स्वतःच्या न्या किंवा त्याच्याकडूनच घ्या; दुसरं केलेलं त्याला बरं वाटतं. देताना गिटारचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. मेट्रोने नेणार असाल तर सीताबर्डी इंटरचेंजच्या गर्दीत बॅग पाठीवर न ठेवता छातीशी धरा, हेड माणसांना आणि दारांना आपटतं. परत घेताना तिथेच उभं राहून बाराव्या फ्रेटवर पुन्हा तीन कार्डं सरकवून पाहा, आणि जुनी सॅडल काढली असेल तर ती मागून घ्या. पावसाळा संपल्यावर तारा फारच खाली आल्या तर तीच परत बसवता येते.